कांजी हाऊसची कांजी

९ नोव्हेंबर १९५९, सोमवार

मी पंच, म्हणून आज ग्रामपंचायतीनं गावचा कोंडवाडा माझ्या गळ्यात मारला. नको, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण तोवर सरपंच रुपचंद महाजनानं टाळ्या वाजवायला लावल्या. जन्मभर मास्तरकी करून पोरं कोंडली, आता गुरं कोंडायची! घरी येऊन सांगितलं तर धुरपदा म्हणते, "बरं झालं. गुरांना शुद्धलेखन तरी शिकवता येणार नाही तुम्हाला." मी पेन्शनीत निघाल्यापासून आमच्या घरातल्या या बाईची जीभ फार सैल सुटली आहे.

कोंडवाडा म्हणजे आमच्या परसामागची चार भिंतींची उघडी जागा. आजवर तो वरच्या कचेरीकडे होता, नव्या कायद्यानं पंचायतीकडे आला. कुणाच्या केळीत, कुणाच्या गव्हात गुरं शिरली की शेतवाला ती हाकत आणून इथं घालतो. मालकानं दंड भरावा आणि सोडवून न्यावं. तोवर जनावर आत उभं. राखणीला चांद आहे. तो आणि त्याची बायको अमिनाबी फाटकासमोरच राहतात. पावती फाडायला ग्रामसेवक भटू. भटू नरडाण्याकडचा, पोरगा हुशार, पण 'आणि' लिहिताना 'णी' दीर्घ काढतो. आज पहिल्याच दिवशी त्याला ते सांगून टाकलं.

संध्याकाळी पाहणी केली. दोन म्हशी, एक बैल, एक गोऱ्हा. हौद कोरडा. गोऱ्हा बसला तो उठेना. चाऱ्याचं काय, म्हणून चांदला विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, मालकानं आणला तर खातंय जनावर. नाही आणला तर हवा खातंय." हौद भरून घेतला आणि घरी आलो. काही केल्या तो गोऱ्हा डोळ्यांपुढून हलत नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक मोठा शोध लागला, तो सविस्तर लिहितो.

आमची सून कुंदा. निंबाचं लग्न गेल्या वैशाखात झालं. तो भुसावळला रेल्वेत, क्वार्टर अजून मिळालेलं नाही, म्हणून सून आमच्याकडे आणि मुलगा रविवारचा पाहुणा. मुलगी बऱ्हाणपूरची, सातवी शिकलेली, कामाला चपळ, बोलायला कमी. सकाळी ती परसदाराशी उभी राहून म्हणाली, "नाना, कांजी हाऊसमधला गोऱ्हा आजसुद्धा उठला नाही हो."

"कशामधला?"

"कांजी हाऊसमधला."

"कोंडवाडा म्हणावं."

"आमच्याकडं कांजी हाऊसच म्हणतात."

"म्हणत असतील. चार जण म्हणतात म्हणून काही शब्द होत नाही, मुली. शब्दाला अर्थ लागतो, मूळ लागतं. याचा अर्थ काय, सांग बरं?"

मला वाटलं, सापडली! तिनं एकदा परसदारातून त्या गोऱ्ह्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाली, "तिथं जनावरांना कांजी देतात ना, म्हणून."

मी चाट पडलो. लगेच शब्दकोश काढला. कांजी: तांदळाची वा धान्याची पातळ पेज. हा शब्द थेट दक्षिणेपर्यंत पसरलेला. म्हणजे 'कांजी' आपली आणि 'हाऊस' साहेबाचं! भिंती इंग्रजानं बांधल्या, पण आत काय द्यायचं ते आपल्या लोकांनी ठरवलं आणि दोन्ही मिळून नाव पडलं. बऱ्हाणपुरानं शब्द जपला म्हणून तिथं प्रथाही जपली गेली असणार. आपण तो शब्द घेतला नाही आणि इकडे जनावरं हवा खात उभी! शब्द गेला की त्याच्या मागचं आचरण जातं, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल.

हे सगळं धुरपदाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता ज्वारी भरडायची का?" बायकांना व्युत्पत्तीतलं काही कळत नाही, पण पुढचं काम मात्र बरोबर कळतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

कांजी झाली. ज्वारीच्या कण्या, भरपूर पाणी, मीठ, निवल्यावर थोडं ताक. कुंदानं असं झटपट केलं की रोजची सवय असावी. अमिनाबीनं तिच्याकडचा लग्नातला मोठा डेग दिला. म्हणाली, "मास्तर, निकाहाच्या बिर्यानीचा डेग हाय, आता म्हशींची दावत." चांद हसून हसून भिंतीला टेकला. मी त्याला सांगितलं, हसू नकोस, हे नियमाला धरून आहे. नियम नावातच आहे.

गोऱ्ह्यानं आधी नुसतं हुंगलं. कुंदानं ओंजळीत घेऊन त्याच्या ओठाला लावलं तेव्हा त्यानं चाटलं, मग सगळं तोंड घमेल्यात घातलं. दुपारी उठून उभा राहिला. पाय थरथरत होते, पण उभा राहिला. मी शाबास म्हणायला गेलो तर नुसता खोकला आला. थंडी पडू लागली आहे, उपरणं गुंडाळायला हवं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

गावात सगळे आता 'कांजी हाऊस' म्हणू लागले. कुणी 'कांजीहौस' म्हणतं, कुणी 'कांजीहौद'. दुरुस्त करून करून माझं तोंड दुखलं.

६ डिसेंबर, रविवार

एक अडचण उभी राहिली आहे. ती हसण्यासारखी नाही, तरी निंबा हसला.

भिकुबाईची तांबडी गाय मागच्या आठवड्यात सरपंचाच्या केळीत शिरली म्हणून कोंडली होती. भिकुबाईनं दंड भरला, गाय नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांद फाटक उघडायला गेला तर गाय बाहेर उभी! कुणी आणली नाही, कुणाचं काही खाल्लं नाही, आपली आपण आली आणि फाटकाला डोकं घासतेय. चांदनं आत घेतलं, ती कांजी प्याली आणि गेली. तेव्हापासून रोज हेच. आज तर बरोबर दोन शेजारणी घेऊन आली.

भिकुबाई दारात येऊन कडाडली, "मास्तर, माह्या गायीले काय केलं तुम्ही? घरचा कडबा तोंडात घेत नही! सकाय झाली का तिचे कान तुमच्याकडं!"

मी म्हटलं, "मी काय करू? गाय माझ्याकडं अर्ज करून येते का?"

"मंग दंड मांगू नका."

"गुन्हाच नाही तर दंड कसला?"

"मंग ठीक," म्हणाली आणि एकदम शांत झाली. जाता जाता कुंदाकडून कांजीत ताक किती घालायचं ते विचारून गेली.

भटूची मात्र तारांबळ उडाली. कोंडलेलं जनावर पावतीत लिहिता येतं, पाहुणं आलेलं कुठं लिहायचं? डोकं धरून बसला आणि घरच्या अहिराणीत म्हणाला, "मास्तर, हाऊ बठ्ठा घोळ शे!" मी त्याला म्हटलं, सगळा घोळ असला तरी शुद्ध लिही.

१३ डिसेंबर, रविवार

आज मारुतीच्या पारावर पंचायतीची सभा. सगळं गाव जमलं, कारण विषय कांजीचा. आमच्या घरची ज्वारी तळाला गेली आहे, यापुढची पंचायतीनं द्यावी, असं मी मांडलं होतं.

रुपचंद उठला. तो केळीवाला, आणि गुरांनी सर्वांत जास्त त्याचंच खाल्लेलं. म्हणाला, "मास्तर, तुमचा मान मोठा हाये. पन माह्या बागात शिरलं ते जनावर चोर. चोराले कोनी जेवू घालतं का? उद्या चोर म्हनतीन, लाडूबी द्या!" लोक खो खो हसले.

माझं डोकं तापलं. मी उभा राहिलो आणि सरळ धडाच घेतला. कांजी म्हणजे काय, हाऊस म्हणजे काय, दोन्ही कसे जुळले. म्हटलं, "दवाखान्यात दवा नसेल तर त्याला दवाखाना म्हणाल का? कांजी हाऊसमध्ये कांजी नसेल तर ते हाऊस कसलं? हे माझ्या मनाचं नाही. शब्दातच लिहिलं आहे."

"कशावरून?" रुपचंद म्हणाला.

मग मी जे बोललो ते जसंच्या तसं इथं लिहून ठेवतो. म्हणालो, "या जीवराम मास्तराच्या शब्दावरून. हा अर्थ खोटा निघाला तर मी पंचपद सोडीन आणि या गावात पुन्हा कुणाची भाषा सुधारणार नाही."

धुरपदा बायकांत बसली होती, तिनं कपाळाला हात लावलेला मला दिसला. पण रुपचंदनं जरा विचार करून मान डोलावली: "मास्तरांनी जबान देली. मंग संपलं." घरटी एक पायली ज्वारी द्यायचं ठरलं.

घरी आलो तर कुंदा म्हणाली, "नाना, एवढं कशाला बोललात?" तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "अगं, सत्याला भिऊन कसं चालेल?" पोर हळवी आहे.

१९ डिसेंबर, शनिवार

ज्वारीची पोती आली. ओटा भरून गेला. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२७ डिसेंबर, रविवार. भुसावळ

हे निंबाच्या खोलीवर बसून लिहितो आहे.

सावद्याहून पॅसेंजरनं आलो. निंबाच्या शेजारी फर्नांडिस म्हणून एक म्हातारे गार्ड राहतात, रिटायर्ड. मोडकंतोडकं मराठी बोलतात, कोंबड्या पाळतात, माणूस दिलदार. चहाला बोलावलं. मला वाटलं, साहेबाच्या भाषेतला माणूस आहे, आपला शोध याला सांगावा. अर्धा शब्द त्यांचाच आहे, खूश होईल. सगळं सांगितलं.

ते इतके हसले की चहा नाकात गेला. डोळे पुसत म्हणाले, "मास्टर, मास्टर! काँजी नाय! काइन! काइन हाऊस!"

काइन म्हणजे काय, तर गाई. फार जुना इंग्रजी शब्द. आता कुणी वापरत नाही, पण त्यांच्या धर्मग्रंथात ठिकठिकाणी आहे, म्हणे. काइन हाऊस, गाईंचं घर. साहेब 'काइन' म्हणाला, शिपायाला 'कांजी' ऐकू आलं, आणि झालं.

माझा विश्वास बसेना. दुपारी निंबाला घेऊन रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात गेलो आणि मोठी इंग्रजी डिक्शनरी काढायला लावली. आहे. काइन, म्हणजे गाई. सगळं डोळ्यांपुढं आलं. त्या शब्दात पेज नाही, ताक नाही, काही नाही. निंबा म्हणाला, "बाबा, एवढं काय त्यात? एका शब्दाचं?" त्याला काय सांगू? त्या रविवारी तो ड्यूटीवर होता, पारावर नव्हता.

३० डिसेंबर, बुधवार

कुणाला काही सांगितलेलं नाही.

खरं लिहायचं तर असं मनात आलं: गप्प बसलो तर कोण विचारणार? गावात 'काइन' कुणाला ठाऊक? फर्नांडिस काही इथवर यायचे नाहीत. कांजी शिजते आहे, गुरं पितात, कुणाचं वाईट झालं? पण हीच गोष्ट एखाद्या पोरानं केली असती, चुकीचं उत्तर झाकलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुसरी चिंता कुंदाची. शब्द तिनं आणला. उद्या फुटलं तर बायका म्हणतील, बऱ्हाणपूरच्या सुनेनं सासऱ्याला तोंडघशी पाडलं. नवी मुलगी, अजून वर्ष झालं नाही. तिला हे कळता कामा नये. तिनं मनोभावे सांगितलं होतं, ते खोटं निघालं म्हटल्यावर तिच्या जिवाला किती लागेल!

आज भटूनं 'सूचना'मधला 'सू' ऱ्हस्व लिहिला. मी काहीच बोललो नाही. तो कागद घेऊन तिथंच घुटमळला, मग काळजीनं विचारलं, "मास्तर, बरं नाही का?"

६ जानेवारी १९६०, बुधवार

रुपचंदचा बैल दोन दिवस हरवला होता, आज सापडला. पलीकडच्या गावच्या कोंडवाड्यात. रुपचंद सोडवून घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर होतो. बैलाच्या बरगड्या मोजता याव्यात अशी दशा, जीभ बाहेर. पाणीसुद्धा दाखवलं नव्हतं त्यांनी. रुपचंद घरी न जाता थेट आमच्या फाटकाशी आला, बैल आत घातला आणि काही न बोलता घमेल्यापाशी उकिडवा बसला. कुंदानं दोनदा कांजी ओतली. बैल पीत होता आणि तो त्याच्या मानेवरून हात फिरवत होता. एवढा केळीवाला माणूस, डोळे पुसत होता.

जाताना म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी मी वंगाळ बोललो. मनात ठिवू नका."

तो मला मोठा माणूस समजून गेला.

९ जानेवारी, शनिवार

आता खरा फास बसला.

रुपचंदनं ठरवलं आहे की हे आपल्या गावापुरतं ठेवायचं नाही. पुढच्या महिन्यात रावेरला तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांची बैठक आहे. तिथं मी उभं राहून कांजी हाऊसचा अर्थ सांगायचा आणि प्रत्येक गावच्या कोंडवाड्यात कांजी सुरू करायला लावायची. "तुमच्यासारखं पटवून कोन सांगीन?" म्हणतो. बैलगाडीसुद्धा ठरवून आला.

म्हणजे माझी चूक आता तालुकाभर पेरायची, तीही माझ्याच तोंडानं! तिथं एखादा इंग्रजी शिकलेला निघाला तर माझं राहू द्या, रुपचंदाची आणि गावाची फजिती. आणि न निघाला तर ते त्याहून वाईट.

सांगायलाच हवं. सांगितलं की कांजी बंद होणार. लोकांनी ज्वारी माझ्या शब्दावर दिली; शब्द खोटा, तर ज्वारी कशाला? मी खरं बोलेन आणि गुरं उपाशी राहतील. इतकी वर्षं मुलांना सत्य बोला म्हणून शिकवलं, त्यात असला पेच कधी आला नव्हता. आज जेवण गेलं नाही. धुरपदा म्हणाली, "काय ते ओकून टाका एकदाचं, म्हणजे जेवाल." हिला कसं कळतं?

१७ जानेवारी, रविवार

सभा झाली. घडलं ते सगळं लिहितो.

मी उभा राहिलो. म्हटलं, रावेरला जायच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे. कांजी हाऊसचा मी सांगितलेला अर्थ चूक आहे. तो अर्थ मीच माझ्या डोक्यातून काढला होता, दुसऱ्या कुणाचा त्यात दोष नाही. मूळ शब्द इंग्रजी, काइन हाऊस. काइन म्हणजे गाई. गाईंचं घर, एवढाच अर्थ. कांजीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मी जबान दिली होती, ती पाळतो. आजपासून मी पंच नाही. ज्याची ज्वारी शिल्लक आहे त्यानं ती परत न्यावी.

एवढं बोलून खाली बसलो. कुणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. बायकांत कुंदा होती, तिच्याकडं पाहायचा धीर झाला नाही.

रुपचंद पुढं सरकून म्हणाला, "मास्तर, पुन्हा सांगा. काय अर्थ हाये त्याचा?"

"गाईंचं घर."

"घर? वाडा नही, तुरुंग नही. घर?"

"घरच. हाऊस म्हणजे घर."

तो उठला आणि लोकांकडं वळला. "ऐकलं का? सायबानं घर म्हटलं. आता मले सांगा, गाय घरी आली तं तिले कोनी उपाशी ठिवतं का?"

पारावर गलका उडाला. भिकुबाई मागून ओरडली, "माही गाय तं पहिलेपासून घरच समजते!" चांद म्हणाला, "मास्तर, कांजीचा अर्थ होता तवा पेजच द्यावी लागत होती. घर म्हटल्यावर कडबाबी द्यावा लागंल." आणि खरोखर, तिथल्या तिथं घरटी कडब्याच्या पेंढ्या ठरल्या! माझा खोटा अर्थ नुसती ज्वारी आणू शकला, खऱ्यानं चाराही आणला. मला हे सुचलं कसं नाही? डिक्शनरीपुढं उभा राहून मी फक्त 'गाई' वाचलं. 'घर' हा शब्द लहानपणापासून येतो म्हणून त्याच्याकडं पाहिलंच नाही.

रावेरचं भाषण कायम राहिलं, नवा अर्थ घेऊन. माझा राजीनामा कुणी हातात घेईना. रुपचंद म्हणाला, "पंचपद सोडाचं नही. मास्तरांची पहिली अट नामंजूर." मग भटूकडं वळून, "दुसरी अट कोनती होती?"

भटू झटकन उठला. "गावात पुन्हा कुणाची भाषा सुधारायची नाही, ही."

"ते मंजूर!" सगळा पार एकसुरात ओरडला. बायकासुद्धा. धुरपदानं दोन्ही हात वर केले होते.

घरी येऊन पोटभर जेवलो. दोन भाकरी जास्त झाल्या.

२४ जानेवारी, रविवार

आठवडा चांगला गेला. भटूनं लिहिलेल्या सूचनेत आज पाच चुका होत्या. वाचली आणि छान आहे म्हणालो. हे व्रत कठीण जाणार.

आज बऱ्हाणपूरहून कुंदाचे वडील आले, तिळगूळ घेऊन. व्याही तोताराम पाटील, साधे गृहस्थ, म्युनिसिपालिटीतून निवृत्त झालेले. लग्नात फारसं बोलणं झालं नव्हतं. चहा झाल्यावर त्यांना परसदारी नेलं. आत सात-आठ जनावरं होती, भिकुबाईची गाय सर्वांत पुढं, कडबा पडलेला, कुंदा डेगातून कांजी ओतत होती. व्याही बघतच राहिले. त्यांच्या हातातली टोपी हातातच राहिली.

"हे काय, मास्तर?"

"कांजी हाऊस," मी म्हटलं.

ते हळूच म्हणाले, "मी वीस वर्षं बऱ्हाणपूरच्या कांजी हाऊसचा मुन्शी होतो. आमच्याकडं चारा नाही, पाणीही धड नाही. कांजी तर कुणी डोळ्यांनी पाहिली नाही. ही लहान होती तेव्हा शाळेतून सरळ तिथं यायची. घरच्या भाकरी ओच्यात लपवून आणायची आणि गजांतून आत टाकायची. एकदा पकडलं तेव्हा रडली. म्हणाली, बाबा, या घराला कांजी हाऊस का म्हणतात, कांजी तर देतच नाही. मी तिला समजावलं, पोरी, हा साहेबाचा शब्द, त्याचा अर्थ फक्त गाईंचं घर. त्यावर रडायचं थांबली आणि मला म्हणाली, मी मोठी झाले की देईन."

कुंदा तोवर डेग टाकून पदर तोंडाला लावून आत पळाली होती.

आता या सगळ्यात मला एक कळेना. वडिलांनी तिला खरा अर्थ लहानपणीच सांगितला होता, तर मला सांगताना तिच्या तोंडून चुकीचा कसा आला? विसरली असणार. लहान मुलांना एकदा सांगितलेलं राहत नाही, घोकून घ्यावं लागतं, हा माझा जन्मभराचा अनुभव आहे. व्याह्यांना तसं म्हणणार होतो. पण कुणाची चूक काढायची नाही असं ठरलेलं आहे, आणि त्यांचेही डोळे भरलेले होते, म्हणून गप्प राहिलो.

बिचारी बापासमोर उघडी पडली म्हणून ओशाळली असेल. संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर आली नाही. शेवटी मीच स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हटलं, "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. अर्थ सांगायला चुकलीस, पण कांजी तू चांगली करतेस."